वस्तीतला ऑयस्टर बार आणि बर्फावरची कच्ची कालवे : एक अनुभव आणि काही प्रश्न

कमाटीबाग

माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला नोकरी करते. गेल्या वर्षी सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत मी तिच्याकडे राहिले, आणि त्या काळात तिच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या एका लहानशा ऑयस्टर बारमध्ये आम्ही जवळजवळ दर शुक्रवारी जात होतो. बडोद्यातील कितीतरी मराठी आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात, मुले त्यांना हौसेने अशा ठिकाणी नेतात, आणि बर्फावर मांडलेले उघडे शिंपले समोर आले की नेमके काय करायचे हे विचारायलाही संकोच वाटतो. म्हणून जे पाहिले, जे विचारून घेतले आणि जे एकदा चुकले, ते सगळे इथे लिहीत आहे. ज्यांना अधिक माहिती आहे त्यांनी अवश्य भर घालावी.

आधी शब्दांविषयी. ऑयस्टर म्हणजे आपल्या कोकणातले कालव. बडोद्यात ‘कालवे’ म्हटले की नर्मदेचा कालवाच डोळ्यांसमोर येतो, आणि आमच्या सीकेपी घरात मासे, कोलंबी, बोंबील नेहमीचे असले तरी कालव मी साठी ओलांडेपर्यंत चाखले नव्हते. दुसरा शब्द ‘बार’. १९६० साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे मी फोनवर ‘बारमध्ये गेलो होतो’ असे सांगितले तेव्हा धाकट्या जाऊबाई काही क्षण बोलल्याच नाहीत. तिथे बार म्हणजे तो लांब ओटा, ज्याच्या एका बाजूला गिऱ्हाईक बसते आणि दुसऱ्या बाजूला उभा राहून माणूस कालवे उघडून देतो. वाईन आणि बिअर बहुतेक ठिकाणी मिळते, परंतु मी लिंबाचे पाणी घेऊन बसत असे आणि त्याचे कोणाला काही वाटले नाही.

जागा अगदी साधी होती. संगमरवरी ओटा, त्याला लागून पंधरा-सोळा उंच स्टुले, आणि मागच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेली त्या दिवशीची कालवे : जातीचे नाव आणि त्यापुढे कोणत्या खाडीतून आली तिचे नाव. टेबले मिळून चारच होती आणि ती बहुधा रिकामी असत, कारण लोकांना ओट्यापाशीच बसायचे असते. संध्याकाळी पाचला बाहेर रांग लागलेली असे. त्याच शहरात पोल्क रस्त्यावर स्वान ऑयस्टर डेपो हे १९१२ सालापासूनचे ठिकाण आहे. तिथे जेमतेम अठरा स्टुले आहेत आणि लोक दारासमोर आनंदाने ताटकळत उभे राहतात. आमचे ठिकाण तितके नावाजलेले नव्हते, पण वस्तीतल्या माणसांचे होते. बडोद्यात कीर्तिस्तंभाच्या बाजूला सेव-उसळ खायला गेल्यावर जसे आपण तर्री वाढणाऱ्याच्या हाताकडे पाहत उभे राहतो, आणि तोही ओळखीच्या माणसाला न विचारता कांदा जास्त घालतो, तसे तिथले नाते होते. तिसऱ्या शुक्रवारी ओट्यामागच्या गृहस्थांनी माझ्यासमोर लिंबाच्या दोन फोडी अधिक ठेवल्या, कारण मी आधीच्या वेळी मागून घेतल्या होत्या.

कालव कसे उघडतात ते मी बारकाईने पाहिले. कालवाचा एक शिंपला खोलगट असतो आणि दुसरा चपटा. खोलगट बाजू खाली ठेवून, जाड फडक्यात ते घट्ट धरतात. चाकू आखूड, जाड आणि जवळजवळ बोथट असतो. दोन्ही शिंपले जिथे जोडलेले असतात त्या टोकाच्या बिजागरीत तो हळूच रोवून किल्लीसारखा फिरवतात. ‘टक्’ असा बारीक आवाज होतो. मग चाकू वरच्या शिंपल्याला आतून घासत नेऊन त्याला धरून ठेवणारा स्नायू कापतात, चपटा शिंपला काढून टाकतात, आणि तसाच चाकू खालून फिरवून मांस मोकळे करतात, पण त्याच खोलगट शिंपल्यात राहू देतात. यात सगळे कसब आतले पाणी न सांडण्याचे असते. ते समुद्राचे खारे पाणी म्हणजे कालवाचा अर्धा स्वाद. आमच्यासमोरचे गृहस्थ प्रत्येक कालव उघडल्यावर नाकाजवळ नेत, आणि एका संध्याकाळी त्यांनी लागोपाठ दोन कालवे काही न बोलता बाजूच्या डब्यात टाकलेली मी पाहिली.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कालव उघडेपर्यंत जिवंत असते. हे मुलीने मला पहिल्याच दिवशी सांगितले आणि ऐकून मन थोडे मागे सरले. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी खाऊ नये, आणि मुलांनीही आग्रह करू नये. मी विचार केला, की आपल्याकडे जिवंत चिंबोरी बाजारातून आणून घरीच साफ करतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

आता चवीविषयी. पहिली तीन कालवे मी पाण्याच्या घोटासारखी गिळली, आणि खारटपणाखेरीज काही कळले नाही. शेजारच्या स्टुलावरच्या एका वृद्ध बाईंनी मला थांबवून सांगितले, की दोन-तीनदा चावा. चावल्यावर फरक समजतो. ऑलिंपिया ही तिथली मूळची जात. शिंपला दोन रुपयांच्या नाण्याहून थोडाच मोठा, आणि चव तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखी. कुमामोटो ही जपानहून दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे नेलेली जात, लहान पण खोल शिंपल्याची, आणि इतकी गोडसर की मागाहून खरबुजाची आठवण होते. पॅसिफिक जातीची मोठी कालवे उत्तरेकडच्या टोमालेस खाडीतली असत, आणि त्यांच्यात काकडीसारखा ताजेपणा होता. सोबत लिंबू, हॉर्सरॅडिश नावाचे किसलेले तिखट मूळ आणि मिन्योनेट नावाचे पातळ तोंडीलावणे देतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये अगदी बारीक चिरलेला लहान कांदा आणि भरडलेले मिरे. माझे मत असे, की पहिले कालव कशाशिवाय खावे, दुसऱ्यावर लिंबू पिळावे, आणि टोमॅटोचे लाल सॉस दूर ठेवावे, कारण त्याखाली सगळ्या जाती सारख्याच लागतात. किंमत एका कालवाला तीन ते चार डॉलर पडत असे. सहा मागवली की दोघींना पुरत.

आता जे चुकले ते. नोव्हेंबरात मुलीच्या एका सहकाऱ्याने आम्हाला दुसऱ्या भागातल्या एका मोठ्या, झगमगीत ठिकाणी नेले. कालवे आतल्या स्वयंपाकघरात उघडून आणली होती. बर्फ वितळून थाळीत पाणी झाले होते, शिंपले कोरडे होते, आणि पहिल्याच घासाला कवचाची कच दाताखाली आली. ती कोणत्या खाडीतली असे विचारल्यावर वाढणाऱ्या मुलाने ‘ताजीच आहेत’ इतकेच उत्तर दिले. मी यजमानांच्या संकोचापोटी दोन खाल्ली, आणि त्या रात्रीपासून दोन दिवस पोटाने फार त्रास दिला. दोष त्या कालवांचाच होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. परंतु तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की केली : जो माणूस कालव कोणत्या पाण्यातले आणि कोणत्या दिवशी काढलेले हे सांगू शकत नाही, त्याच्या हातचे कच्चे कालव खायचे नाही, मग जागा कितीही मोठी असो. आमच्या वस्तीतल्या ओट्यावर हा प्रश्न विचारला की गृहस्थ खालच्या कप्प्यातून पोत्याला बांधलेली चिठ्ठीच काढून समोर ठेवत.

माझे प्रश्न दोन आहेत. आपल्याकडे कोकणात कालवे कच्ची खातात का? आणि आमच्या वयाच्या माणसांनी ती खावीत का, याबद्दल कोणी वैद्यकीय दृष्टीने सांगू शकेल का?

दांडियाबाजार

ताई, फार तपशीलवार लिहिले आहे. माझा मुलगा न्यू जर्सीत असल्यामुळे मला पूर्व किनाऱ्याचा अनुभव आहे, तो जोडतो.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या तळघरात १९१३ सालापासून, म्हणजे स्थानक उघडले त्याच वर्षापासून, एक ऑयस्टर बार आहे. छत कमानीचे, आणि त्या कमानींवर ग्वास्ताविनो नावाच्या बांधकाम कारागिरांच्या पद्धतीच्या फरशा नक्षीसारख्या बसवलेल्या आहेत. मी दुपारी एकटाच गेलो होतो आणि ओट्यावर बसलो. तिथे कच्च्या कालवांइतकीच ख्याती ‘पॅन रोस्ट’ची आहे. ओट्यामागेच वाफेवर तापणारी लहान गोल भांडी बसवलेली असतात, त्यांत लोणी, कालवे, त्यांचेच पाणी आणि साय घालून दोन-तीन मिनिटांत तुमच्या देखत ते शिजवतात आणि पावाच्या तुकड्यावर ओततात. ज्यांना कच्चे नको त्यांनी हे घ्यावे. मला तेच अधिक आवडले.

पूर्वेकडची जात निराळी आहे. तिला व्हर्जिनिका म्हणतात. वेलफ्लीट, ब्लू पॉइंट ही सगळी त्याच एका जातीची, पण गावोगावच्या पाण्याने वेगळी झालेली. आपल्याकडे देवगडचा हापूस आणि दुसरीकडचा हापूस यांत जो फरक करतात, तसाच तिथले लोक या खाडीचे कालव आणि त्या खाडीचे कालव यांत करतात. ताईंनी लिहिलेली पॅसिफिक कालवे मला काकडीसारखी लागली नाहीत, पण ती मी न्यूयॉर्कमध्ये खाल्ली, म्हणजे खंड ओलांडून आलेली.

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये कालव हे गरिबांचेही खाणे होते, हातगाड्यांवर मिळत असे. पुढे शहराचे सांडपाणी बंदरात जाऊ लागले आणि १९२७ साली तिथले शेवटचे कालवांचे क्षेत्र बंद करावे लागले. एक मोठे कालव उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकते, म्हणून आता ती खाण्यासाठी नव्हे, तर पाणी स्वच्छ व्हावे म्हणून बंदरात पुन्हा वाढवत आहेत. बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट नावाने २०१४ साली हे काम सुरू झाले, आणि २०३५ पर्यंत शंभर कोटी कालवे वसवण्याचे त्यांचे उद्दिष्ट आहे. हॉटेलांतून रिकामे शिंपले गोळा करून त्यांवरच नवी पिल्ले रुजवतात. मी माझ्या थाळीतले शिंपले उचलणाऱ्या मुलाला विचारले, तेव्हा त्याने वेगळा डबा दाखवला. ते पाहून मला फार बरे वाटले.

माहेर_देवगड

कमाटीबागताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. लग्न होऊन बडोद्याला येऊन मला एकतीस वर्षे झाली, पण माहेर देवगडजवळच्या खाडीकाठचे आहे, आणि कालवे पाहतच मी वाढले.

आमच्याकडे कच्ची कोणी खात नाही. भरपूर ओहोटी असली की बायका खडकावर जातात. कालव खडकाला इतके घट्ट चिकटलेले असते की ते अख्खे निघतच नाही, म्हणून लहान हातोडीने किंवा टोकदार लोखंडाने वरचा शिंपला जागच्या जागी फोडतात, मांस काढून डब्यात घेतात आणि खालचा शिंपला खडकावरच राहतो. कंबरेत वाकून तीन-चार तास हे काम चालते. पायाला आणि बोटांना कापते, खाऱ्या पाण्याने ते झोंबते. माझ्या आजीच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आडवी पांढरी रेघ होती, ती कालवांचीच. मग बाजारात त्याचे वाटे लावतात. एवढ्या कष्टाचा वाटा किती लहान असतो, हे ज्याने काढले त्यालाच कळते. पावसाळ्यात कोणी खडकावर जात नाही.

घरी आणली की आधी हाताने चाचपडत कच काढायची. ताईंच्या दाताखाली कच आली, ते वाचून मला आईचे बोट आठवले; एकेक कालव अंगठ्याने दाबून ती बघत असे. मग कांदा भरपूर परतायचा, हळद, मालवणी मसाला, त्यात कालवे, वरून ओले खोबरे आणि दोन सोले, म्हणजे आमसुले. पाणी घालायचे नाही, कारण त्यांनाच पाणी सुटते, आणि मीठ अगदी शेवटी चव बघून घालायचे, नाहीतर सगळे खारट होते. झाकण ठेवून पाच-सात मिनिटे पुरतात. जास्त शिजवले की आक्रसून रबरासारखी होतात. तांदळाच्या भाकरीबरोबर हे सुके खाल्ले, की बाकी काही लागत नाही.

म्हणून मला मनापासून विचारावेसे वाटते, की मसाला नाही, आच नाही, तर त्यात जेवण कुठे आहे? तुम्ही चवीचे इतके बारकावे लिहिलेत, म्हणून विचारते. वाद घालायचा हेतू नाही. आणि तो चाकू कसा असतो, ते जरा नीट सांगाल का?

कमाटीबाग

देवगडच्या ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे. ते जेवण नव्हेच. सहा कालवे खाऊन कोणाचे पोट भरत नाही. आम्ही घरी येऊन वरणभात खात होतो. जसे उन्हाळ्यात पहिला हापूस कापून काही न घालता खातो आणि आमरस पुरीबरोबर जेवतो, तसे ते दोन वेगळे प्रकार आहेत असे मला वाटते. तुमच्या सुक्यात कालव, खोबरे आणि सोल मिळून एक चव होते. तिथे फक्त त्या खाडीचे पाणी चाखायचे असते, आणि म्हणूनच पाणी कोणते हे माहीत असणे इतके महत्त्वाचे.

चाकूचे पाते साधारण माझ्या मधल्या बोटाएवढे लांब, दोन्ही बाजूंनी बोथट, टोक किंचित वर वळलेले. मूठ लाकडाची आणि पेरूसारखी फुगीर, म्हणजे तळहातात पक्की बसते. त्याने कापायचे नसते, उचकटायचे असते. मुलीने मला एक घेऊन दिला आहे आणि तो बडोद्यात पडून आहे, कारण इथे उघडायला कालवच नाही. तुम्ही माहेरी जाणार असाल तर अवश्य घेऊन जा.

अलकापुरीचा_डॉक्टर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि ते थोडे कठोर वाटले तरी स्पष्ट देतो.

कालव पाणी गाळून जगते, म्हणून पाण्यात जे असेल ते त्याच्या शरीरात साठते. सांडपाणी असेल तर विषमज्वराचे किंवा काविळीचे जंतू, आणि पाणी कोमट असेल तर व्हिब्रिओ कुळातले जिवाणू, जे समुद्रात मुळातच असतात. यांतला व्हिब्रिओ व्हल्निफिकस सर्वांत घातक आहे. निरोगी माणसाला तो बहुधा गंभीर त्रास देत नाही, पण यकृताचा विकार, मधुमेह, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्या माणसात तो रक्तात पसरू शकतो, आणि अशा रुग्णांपैकी साधारण निम्मे दगावतात. लिंबू, व्हिनेगर, तिखट सॉस किंवा मद्य यांपैकी कशानेही तो मरत नाही. फक्त नीट शिजवल्याने मरतो. दूषित कालव दिसायला आणि वासाला अगदी चांगले असू शकते, हेही लक्षात ठेवावे. कमाटीबागताईंनी ज्या गृहस्थांचे वर्णन केले ते वास घेऊन मेलेले कालव ओळखतात. जंतू ओळखू शकत नाहीत.

इंग्रजी महिन्याच्या नावात ‘र’ असेल तेव्हाच, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, कालव खावे असा जुना नियम त्यांच्याकडे आहे, आणि त्यामागे कारण आहे. उन्हाळ्यात पाणी तापते तेव्हा व्हिब्रिओ वाढतो, आणि तोच कालवांच्या प्रजननाचा काळ असल्यामुळे मांस दुधाळ आणि मऊ पडते. मेक्सिकोच्या आखाताचे पाणी अधिक कोमट असते. कॅलिफोर्नियाने २००३ पासून नियम केला, की एप्रिल ते ऑक्टोबर या काळात त्या आखातातून काढलेली कालवे विशेष प्रक्रिया केल्याशिवाय कच्ची विकायची नाहीत. त्यानंतर तिथले या जिवाणूचे मृत्यू जवळजवळ थांबले.

ताईंनी पाहिलेल्या चिठ्ठीचाही इतिहास आहे. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन या शहरांत दूषित कालवांमुळे विषमज्वराची मोठी साथ आली, सुमारे दीड हजार माणसे आजारी पडली आणि दीडशेच्या आसपास दगावली. त्यानंतर पाण्याची तपासणी, परवाने आणि प्रत्येक पोत्याबरोबर चिठ्ठी अशी व्यवस्था उभी राहिली. चिठ्ठीवर कोणी, कुठून आणि कधी काढले ते लिहिलेले असते, आणि पोते संपल्यावरही विक्रेत्याला ती ९० दिवस जपून ठेवावी लागते, म्हणजे कोणी आजारी पडले तर मूळ शोधता येते. म्हणून चिठ्ठी दाखवणारा माणूस हा केवळ सौजन्याने वागत नसतो. पण ती आनंदाने दाखवणारा माणूस बाकीचे नियमही पाळत असेल, असे मानायला हरकत नाही.

माझा सल्ला असा : आपल्या पिढीत मधुमेह इतका आहे, की साठीनंतर कच्चे कालव खाण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे. यकृताचा विकार असल्यास मुळीच खाऊ नये.

फतेहगंज

आम्ही दोघे शाकाहारी आहोत, पण सुनेची आवड म्हणून बरोबर गेलो होतो. इतरांसाठी एक सूचना : ‘क्लॅम चाउडर’ नावाचे पांढरे, दाट सूप पाहून ते बटाट्याचे वाटते, पण त्यात शिंपल्यांचे मांस असते आणि पुष्कळदा डुकराचे मांसही असते. आम्ही आंबट चवीचा सावरडो पाव, लोणी आणि कोशिंबिरीवर समाधान मानले. ओट्यावर बसू नये असे मला वाटले. ज्यांना जिवंत शिंपला उघडताना पाहवत नाही त्यांनी टेबल मागावे, कोणी नाही म्हणत नाही.

मांडवी

थोडे बाजूचे विचारतो. ही तीच शिंपली का, ज्यांत मोती सापडतात? आपल्या खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा करवला होता, जो २००९ साली दोह्याला लिलावात विकला गेला. त्याचे मोती अशाच कालवांतले का?

कमाटीबाग

नाही. मोती देणारे शिंपले वेगळ्या कुळातले आहेत. त्यांच्या शिंपल्याच्या आत चकचकीत थर असतो आणि मोती त्याच द्रव्याचा बनतो. खाण्याच्या कालवात क्वचित खडा सापडतो, पण त्याला तेज नसते. गालिच्याचे मोती इराणच्या आखाताकडचे, ज्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो. मात्र आपल्या संस्थानाचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. द्वारकेकडचे ओखामंडळ हे बडोदे संस्थानात होते, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. समुद्रापासून आत असलेल्या राजधानीतून एवढी आस्था दाखवली गेली, याचा मला अभिमान वाटतो.

डॉक्टरसाहेब, तुमचे वाचून मी माझा सल्ला बदलते. माझी साखर सीमेवर आहे आणि मी डॉक्टरांना न विचारता तीन महिने कच्ची कालवे खाल्ली. पुढच्या खेपेला त्याच ओट्यावर बसेन, पण निखाऱ्यावर लसूण-लोण्यात भाजलेली मागवीन. मुलगी तीच घेत असे आणि मी तिला नावे ठेवत असे.

माहेर_देवगड

कमाटीबागताईंकडून चाकू घेऊन दिवाळीनंतर माहेरी गेले होते, त्याचा वृत्तांत देते.

वहिनीबरोबर ओहोटीला खडकावर गेले. अख्खे कालव सुटून येणे कठीणच, पण खडकाच्या कडेला दोन कालवे एकमेकांवर वाढलेली होती, त्यांतले वरचे हातोडीच्या एका ठोक्याने सुटले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे फडक्यात धरून बिजागरीत चाकू रोवला. चार वेळा घसरला, पाचव्या वेळी ‘टक्’ झाले. इतकी वर्षे कालव खाल्ले, पण ते आपल्या पाण्यात, न फुटता, कडेला काळसर झालर असलेले असे अख्खे मी पहिल्यांदाच पाहिले. वहिनीही हातातले काम थांबवून बघत राहिली. तेवढ्या वेळात तिची वीस-पंचवीस काढून झाली होती, त्यामुळे चाकू आमच्या कामाचा नाही, हेही तिने सांगितले.

मी कच्चे खाल्ले नाही. तेही डब्यात टाकले आणि दुपारी सगळ्याचे सुके केले. जेवताना मी वहिनीला सहज विचारले, की बाजारात तुला कोणी विचारते का, ही कालवे कुठली आणि कधी काढलेली. ती म्हणाली, रोजच विचारतात. मी खडक दाखवते, तो बाजारातून दिसतो, आणि ओले झालेले लुगडे दाखवते.

ताई, चाकू धुऊन, तेल लावून परत आणला आहे. रविवारी दांडिया बाजारात येणार आहे, तेव्हा देते.